डाव्या पंखाचा जोड

निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली. खून, दरोडे, घरफोड्या पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या बऱ्याच आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. पण नवरात्राच्या माळा सुरू झाल्या की एक प्रकरण हटकून समोर येते. त्यात ना खून होता, ना चोरी. साधा गुन्हासुद्धा शेवटी दाखल झाला नाही. तरीही त्यातला एकेक तास मला आठवतो, आणि मी कुठे कुठे चुकलो तेही आठवते. नावे कोणाचीच देत नाही. त्यातली माणसे अजून त्याच गावात राहतात.

तेव्हा मी वणीच्या अलीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नवरात्रात आमच्या भागातल्या पोलिसाला घरचे घट पाहायला मिळत नाहीत. सगळी माणसे देवीच्या गडावर, यात्रेच्या बंदोबस्ताला. ठाण्यात उरलो होतो मी, ठाणे अंमलदार म्हणून बसलेले एक जुने हवालदार आणि दोन शिपाई. पाचव्या माळेला सकाळी ठाण्याचा फोन वाजला. बोलणारा पुरुष, वयस्कर, आवाज दबलेला. त्याने एका वस्तीचे नाव सांगितले. तिथल्या कांद्याच्या चाळीत कांदा निम्माच आहे, उरलेल्या निम्म्या भागाला आतून प्लास्टिक मारले आहे, केमिकलचा वास येतो, दोन माणसे दार लावून काम करतात, असे म्हणाला. मग म्हणाला, “पावडर बनवत्यात. आजच्या आज कुलूप लावा.” आणि फोन ठेवला.

हवालदारांनी ते शब्दाला शब्द उतरवून घेतले. त्यांची सवयच तशी. बाकीचे अंमलदार खबर आपल्या भाषेत लिहायचे, हे समोरच्याच्या भाषेत. त्या सवयीचा उपयोग पुढे झाला.

त्या दिवसांत एमडी या नशेच्या पावडरीच्या कारखान्यांची सगळीकडे चर्चा होती. आपल्या हद्दीत असे काही निघाले आणि ते दुसऱ्याने पकडले तर अधिकाऱ्याची काय शोभा होते, हे सांगायला नको. मी बंदोबस्तावरून चार माणसे परत मागवली, तपासणीचे किट घेतले, दोन पंच घेतले. माणसे गडाच्या गर्दीतून यायला तीन-चार तास गेले, दुपारी चाळीवर गेलो.

वास खरा होता. नखांना लावायच्या पॉलिशसारखा, पण डोळ्यांत पाणी येईल इतका उग्र. आत पत्र्याचे डबे, पातेली, ब्रश, हातमोजे. मधोमध एक लांबट अरुंद सांगाडा घडवंच्यांवर ठेवलेला. भिंतीला दोन मोठ्या चौकटी टेकवलेल्या, त्यांवर पांढरे कापड ताणून बसवलेले. माझा एक शिपाई इगतपुरीच्या धरणाकाठचा. तो हळूच म्हणाला, साहेब, ही होडी आहे. कोपऱ्यात एक गोणी होती. ती उलटी केली तर लाकडाचे शेकडो तुटके तुकडे बाहेर पडले आणि प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा अन् तारीख. ते पाहून मी सावध झालो. कचऱ्यावर कोणी आकडे टाकत नाही.

आत दोन म्हातारे होते. त्यातल्या उंच, चष्मेवाल्याला विचारले, हे काय चालले आहे. त्याने ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाला, “विमान आहे. हात लावू नका, ओलं आहे.”

मला चिडच आली. आम्ही मुकाट्याने पंचनामा सुरू केला. किटने प्रत्येक डब्यातले तपासले. नशेचा पदार्थ एकातही निघाला नाही. ते कापड घट्ट बसावे म्हणून वर द्यायचे एक जातीचे व्हार्निश होते. पण पोलिसाचा संशय एका दारातून बाहेर काढला की दुसऱ्या दाराने आत येतो. पावडर नाही, मग विमान कशाला? देवळालीची लष्करी हद्द काही फार लांब नाही. भिंतीवर निळ्या कागदावरचे परदेशी नकाशे. डब्यात विमानाचे अस्सल नट-बोल्ट, डोक्यावर छाप मारलेले. मी चाळीला कुलूप लावले, मोहोर केली आणि दोघांना चौकशीला ठाण्यात आणले.

उंच म्हाताऱ्याला सगळे नाना म्हणत, मीही इथे नानाच म्हणतो. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. वय अडुसष्ट. दुसरे मिस्तरी, येवल्याकडचे. पैठणीचे हातमाग बनवणे आणि दुरुस्त करणे हा त्यांचा पिढीजात धंदा. सहा वर्षांपासून ते आठवड्यातले चार दिवस नानांकडे राहत आणि तीन दिवस एसटीने येवल्याला जाऊन मागांची कामे करत.

दोघांना वेगळे बसवले. नानांनी मला उत्तरे दिली ती मास्तराने ढ मुलाला द्यावीत तशी. हे विमान फार जुन्या आराखड्याचे आहे, म्हणाले. परदेशातल्या एका माणसाने खास घरी बांधणाऱ्यांसाठी काढलेले. लाकूड, कापड आणि जुन्या मोटारीचे इंजिन. बसायला एकच जागा. नकाशे त्यांच्या फोरमनने तरुणपणी पोस्टाने मागवले होते, बांधायला जमले नाही, जाताना नानांना दिले. नट-बोल्ट भंगाराच्या लिलावातले, पावत्या घरी आहेत. पावत्या खरोखरच होत्या, साल लावून टाचलेल्या.

“परवानगी?” मी विचारले.

“दिल्लीला दोनदा लिहिलं. उत्तर नाही.”

“मग उडवणार कोण?”

“मी.”

“तुम्हाला येतं?”

तिथे त्यांचा मास्तरी सूर पहिल्यांदा उतरला. “तेहतीस वर्षं विमानं जोडली, साहेब. एकातही बसलो नाही. दसऱ्याला सकाळी माळावर न्यायचं, एकदा जमिनीवरून उचलायचं आणि परत टेकवायचं. एवढंच.”

मला ते पटले नाही. एवढ्यासाठी कोणी सहा वर्षे घालवत नाही, असे माझे पोलिसी गणित. त्या तुकड्यांचे विचारले तर म्हणाले, ती गोंदाची परीक्षा. दोन डब्यांतले मिसळून जो गोंद तयार होतो, त्याच्या प्रत्येक घाण्यातून दोन फळकुटे चिकटवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी हातोडीने तोडायची. लाकूड फाटले तर गोंद पास. लाकूड शाबूत राहून जोड सुटला तर नापास, त्या घाण्याचे सगळे काम काढून टाकायचे. त्याची नोंदवही चाळीत आहे. मी ऐकून घेतले आणि मनात म्हटले, बनवाबनवी आहे, पण चांगली आहे.

मिस्तरींचा मात्र मला दाट संशय आला. तीस वर्षांत एक गोष्ट पाहिली होती. निर्दोष माणूस ठाण्यात आला की आधी रागावतो, मग घाबरतो. हे आल्यापासून घाबरलेले आणि राग कुठेच नाही. चहा ठेवला, त्यावर साय धरली तरी हात लावला नाही. विचारेल त्याला हो किंवा नाय. शेवटी त्यांनीच मला एक प्रश्न केला. चाळीचे कुलूप किती दिवस राहील? मी दरडावून सांगितले, नमुन्यांचा अहवाल येईपर्यंत, आठ दिवस तरी. ठाण्यात बसलेला प्रत्येक माणूस कुलूप लवकर निघावे म्हणून हातापाया पडतो. यांनी मोठा श्वास सोडला. “आठ दिस. म्हंजी दसरा जाईल,” म्हणाले आणि मग तो गार चहा प्यायले.

मी लगेच अर्थ लावला. माल दुसरीकडे आहे, आठ दिवसांत हलवणार. मी त्यांना रात्र पडेपर्यंत बाकावर बसवून ठेवले. काही बोलू नये ते बोललो. त्यांच्या धंद्यावरूनही बोललो, की माग सोडून हे कुठले धंदे करता. त्यांनी मान खाली घातली. ते आठवले की आजही मला स्वतःची लाज वाटते.

दोघांनाही नोटीस देऊन घरी सोडले. दुसऱ्या दिवशी नाना वकील घेऊन हजर. त्यांचे म्हणणे सरळ होते. पदार्थ सापडला नाही, पावत्या आहेत, मग कुलूप कशाचे? मी वरिष्ठांना फोन केला. त्यांनी गडावरच्या गोंगाटात ओरडून सांगितले, की कुलूप काढून द्या, परवानगीशिवाय उडवणार नाही असे लिहून घ्या, आणि यात्रेच्या ऐन गर्दीत चार माणसे फुकट पळवणाऱ्या त्या खबऱ्याला शोधून त्याच्यावर गुन्हा दाखल करा. खोटी खबर देणे हाही गुन्हाच आहे. नानांनी कागदावर सही केली, पण माझ्याकडे पाहत केली. त्या सहीची किंमत मला कळली. हा माणूस दसऱ्याला उडणार होता. मी कागदी कारणे पुढे करून कुलूप खंडेनवमीपर्यंत लांबवले.

आता खबऱ्या. पहिला संशय नानांच्या पत्नीवर, की तिने कोणाकडून तरी फोन करवला. घरात सहा वर्षे हा उद्योग, कोणत्याही बाईला वैताग येईल. नानींना विचारले तर त्या शांतपणे म्हणाल्या, “मला सुचलं असतं तर मीच केला असता. रोज देवीला सांगते, याचं इंजिन चालू होऊ देऊ नको. पण मला नाही सुचलं.” त्या खोटे बोलत नव्हत्या.

ज्या नंबरावरून फोन आला तो निघाला येवल्याच्या एका विणकराचा. सातव्या माळेला मी स्वतः गेलो, साध्या कपड्यात. विणकर मागावर बसला होता. पोलीस म्हटल्यावर त्याच्या हातातला धोटा तसाच राहिला. पाचव्या माळेला सकाळी तुमचा फोन कोणी वापरला, असे विचारले. त्याने आठवून सांगितले, “आमचे मिस्तरी आल्ते ना, मागाची फणी बसवायला. त्यांचा मोबाईल बंद पडेल व्हता. माझा घेऊन बाहेर गेले. धा मिंटात परत दिला अन् लगेच म्हनले, आता वणीकडं निघतो. काम तसंच टाकून गेले. असं कधी करत नाय ते.”

परतीच्या वाटेवर गाडीत मी हिशेब जुळवत होतो. ज्याला मी आरोपी म्हणून रात्र पडेपर्यंत बाकावर बसवले, तोच माझा खबऱ्या. स्वतःच्याच चाळीवर स्वतःच छापा आणवला, आणि छाप्याच्या वेळी मुद्दाम येऊन उभा राहिला. मी बोलत होतो तेव्हा ‘फोन मीच केला’ एवढे म्हटले असते तर सुटला असता. ते त्याने म्हटले नाही. ठाण्यात पोचल्यावर मी स्टेशन डायरी उघडली. हवालदारांनी लिहिलेले वाक्य तिथे होतेच. ‘आजच्या आज कुलूप लावा.’ खबऱ्या नेहमी म्हणतो, पकडा, धाड टाका. कुलूप लावा म्हणणारा मी दुसरा पाहिला नव्हता. त्याला माणसे पकडायची नव्हती, चाळ बंद हवी होती, तीही दसऱ्याच्या आत.

आठव्या माळेला सकाळी मिस्तरींना बोलावले. या वेळी खोलीत फक्त मी आणि हवालदार, आणि त्यांना खुर्ची. मी येवल्याला जाऊन आलो एवढेच सांगितले. ते स्वतःच्या तळहातांकडे पाहत बोलू लागले. 

“नानांनी पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं, साहेब. ह्यो गोंद येगळा हाय, शिकंजा हलका आवळ. म्या म्हनलं, चाळीस वर्षं माग जोडतोय, मला काय शिकवता. आमच्या सरसाला जेवढं आवळाल तेवढा जोड पक्का. हात तसाच बसेल हाय.”

सरस म्हणजे सुतारांचा जुना गोंद, आणि शिकंजा म्हणजे जोड सुकेपर्यंत लाकूड दाबून धरणारा सुताराचा स्क्रू. नाना समोर असताना मिस्तरी हलका आवळत. पण दोन वर्षांपूर्वी नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा डाव्या पंखाची तुळई मिस्तरींनी एकट्याने जोडली होती. पंखाचा सगळा भार त्या तुळईवर. यंदा घट बसायच्या आदल्या आठवड्यात नानांना ताप आला, म्हणून गोंदाचा नमुना मिस्तरींनीच चिकटवला, आपल्या सवयीने शिकंजा करकचून. दुसऱ्या दिवशी हातोडी मारली तर लाकूड जसेच्या तसे, जोड सुटा. गोंद सगळा दाबाने बाहेर पळालेला. पुन्हा एक हलका आवळून पाहिला, तर लाकूड फाटले. तेव्हा त्यांना डावी तुळई आठवली.

“अन् तिच्यावर आता कापड चढेल हाय,” म्हणाले. “बाहेरून लय झकास दिसती.”

मी विचारले, नानांना सांगितले का नाही. त्यांचे डोळे भरले. तोंडातून शब्दच फुटत नाही, म्हणाले. तीनदा सांगायला गेलो, तीनदा चहा पिऊन परत आलो. चाळीस वर्षांत कोणी माझा जोड सुटला म्हणाले नाही. आणि विमान म्हणून फोन केला असता तर पोलीस हसले असते, म्हणून पावडर म्हटले. मग त्यांनी हात जोडले. “माझ्यावर काय केस करायची ती करा. पन त्यान्ला उडू देऊ नका. मरतील ते.”

मी मोहोर काढून चाळीत गेलो आणि नोंदवही काढली. सहा वर्षांचा एकेक जोड, त्यापुढे नमुन्याचा आकडा आणि ‘पास’. काही ठिकाणी ‘नापास, काढून टाकले’. शेकडो ओळींत फक्त एका ओळीपुढे नमुन्याचा आकडा नव्हता. डावी तुळई. तिथे नानांच्या सुबक अक्षरात लिहिले होते, ‘मिस्तरीचा हात. तपासायची गरज नाही.’

आता पेच माझा होता. खबऱ्याचे नाव फोडायचे नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. आणि नानांसारखा माणूस पोलिसाच्या सांगण्यावरून पंख फाडून पाहणार नाही. मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारले, पंखावर वजन टाकून पाहिले आहे का? म्हणाले, ज्याने आराखडा काढला त्याने केव्हाच पाहिले. मी म्हटले, त्याने त्याचा पंख पाहिला, तुमचा कोणी पाहिला? ते उसळले. पण फिटरच तो. रात्रभर त्यांना झोप आली नसावी. खंडेनवमीला सकाळी स्वतःच ठाण्यात आले आणि म्हणाले, “चला, कुलूप काढा. टाकून दाखवतो वजन. मग तुमची शंका मिटेल.”

सांगाडा उलटा करून घडवंच्यांवर ठेवला, पंख बसवले. उडताना हवा खालून उचलते, म्हणून उलट्या पंखावर वरून ओझे द्यायचे. वाळू कुठून आणणार? चाळीत कांदा होता. पन्नास किलोच्या गोण्या भरल्या. नानांच्या हिशेबाने एका पंखाला बारा गोण्या पेलल्या पाहिजेत. दोन्हीकडे एक-एक करून गोण्या चढू लागल्या. मिस्तरी दाराशी उभे होते. पाच झाल्या. सहा झाल्या. नाना माझ्याकडे पाहून हसले. डाव्या पंखावर सातवी गोणी टेकवली आणि कडाड असा एकच आवाज झाला. पंख मधून खचला, कापड फाटले आणि कांदे जमिनीवर घरंगळत गेले.

 नाना वाकले, फाटक्या कापडातून हात घालून तुळईच्या फळ्या वेगळ्या केल्या. लाकूड कुठेच फाटले नव्हते. दोन्ही अंगे रंधा मारल्यासारखी स्वच्छ. त्यांनी अंगठा फिरवला आणि मागे न बघताच विचारले, “किती आवळला होतास?”

“दाराच्या चौकटीवानी,” मिस्तरी म्हणाले.

नाना खाली बसले, तिथेच कांद्यांत. मग मला म्हणाले, “फोन कोणी केला होता, साहेब?”

“ते आम्ही सांगत नाही,” मी म्हटले.

“म्या केला व्हता, नाना.”

नानांनी तेव्हा त्यांच्याकडे पाहिले. मला वाटले, आता हात उगारतात. इतक्या वर्षांच्या कामाचा चुराडा, वर पोलीस, चौकशी, गावात शोभा. पण त्यांचा आवाज अगदी साधा निघाला. “मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर आयकलं असतं का?”

 “नसतं ऐकलं,” नाना म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला आणि मिस्तरींनी त्यांना उठवून उभे केले. नानी दारात येऊन उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

मी आयुष्यभर खबर जोखली ती एकाच मापाने, की ही देऊन याला काय मिळणार. बहुतेक वेळा ते माप बरोबर ठरते. पण त्या दिवसापासून मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो, याला भीती कशाची आहे. मिस्तरींची भीती पहिल्या दिवसापासून माझ्या समोर बाकावर बसली होती. मी तिला गुन्हा समजलो, कारण मला तेवढेच वाचता येत होते. उरलेल्या नोकरीत मी बाकावरच्या माणसाला बोलण्याआधी खुर्ची देऊ लागलो. त्याने फार मोठा फरक पडला असे नाही, पण थोडा पडला.

दसऱ्याच्या सकाळी वरिष्ठांचा फोन आला. खोटी खबर देणारा सापडला का? गुन्हा दाखल केला का? मी म्हटले, अहवाल पाठवतो. हवालदार डायरी उघडून, पेन घेऊन बसले होते. आदल्या दिवशी चाळीत ते माझ्या शेजारीच उभे होते, सगळे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. त्यांनी विचारले, “काय लिहू, साहेब?”

मी सांगितले, लिहा. खबर देणाऱ्या इसमाचा कसून शोध घेतला असता मिळून आला नाही.

माझ्या शब्दांत काना-मात्रेचाही बदल न करता हवालदारांनी ते उतरवून घेतले आणि डायरी सहीसाठी माझ्यापुढे सरकवली. मी सही केली.